उचलून घेऊ की!

साताऱ्यात किंवा सांगलीत कुठल्याही लॉजला फोन करा आणि विचारा, "आमच्यासोबत व्हीलचेअरवरचा माणूस आहे, आत यायला पायऱ्या आहेत का?" पलीकडून बहुतेक वेळा एकच उत्तर येतं. "चार पायऱ्या हायत, पण काळजी करू नका. पोरं हायत आपली. उचलून घेऊ की!" देवस्थानात विचारा, मंगल कार्यालयात विचारा, नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवर विचारा, उत्तर तेच.

बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते, हे आधी मान्य करतो. हा मुलूख मदतीला धावणारा आहे. २०१९ च्या महापुरात याच माणसांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना खांद्यावर घेऊन बाहेर काढलं. पण पुरातून बाहेर काढायला उचलणं वेगळं आणि शनिवारी मारुतीच्या दर्शनाला उचलणं वेगळं. पूर ओसरतो. देवळाच्या पायऱ्या मात्र बारा महिने तिथंच असतात आणि "उचलून घेऊ की" हे उत्तर तयार आहे म्हणून त्यांच्या शेजारी उतार बांधायचं कुणाच्या मनात येत नाही. मला या उत्तराचा राग येतो, तो एवढ्यासाठी.

उचलताना काय होतं ते एकदा जवळून पाहा. चौघं पुढं येतात. खुर्ची कुठं धरायची हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नसतं. एकजण हात टेकायची दांडी धरतो. बऱ्याच खुर्च्यांची ती दांडी निघणारी असते, पलंगावर सरकताना मधे येऊ नये म्हणून मुद्दाम तशी केलेली. वर ओढली की ती सुटून हातात येते. दुसरा पाय ठेवायची पट्टी धरतो, तीही निघते. मागचा जोर लावून वर खेचतो, पुढचे दोघं दोन पायऱ्या खालीच असतात आणि खुर्चीतला माणूस आभाळाकडं तोंड करून तिरका लटकतो. लघवीची पिशवी लावलेली असेल तर तिची नळी कुणाच्या तरी मनगटात अडकते. "काका, घट्ट धरा!" कोणीतरी ओरडतं. ज्याच्या बोटांतली ताकदच गेली आहे त्यानं काय धरायचं? बाई असेल तर तिला साडी सावरता येत नाही आणि कुणाचा हात कुठं लागतोय हे बोलताही येत नाही, कारण सगळे मदत करत असतात. वर पोहोचल्यावर निम्मंच काम झालेलं असतं. उतरायच्या वेळी ते चौघं तिथं असतीलच असं नाही. मग चार नवी माणसं गोळा होईपर्यंत देवळाच्या ओसरीवर थांबायचं.

हा त्रास मनाचा नाही. मुंबईच्या विराली मोदी यांनी २०१७ मध्ये रेल्वेविरुद्ध जाहीर मोहीम उभी केली, ती याच कारणानं. त्या व्हीलचेअर वापरतात. गाडीत चढायला उतार नाही म्हणून हमालांनी उचलायचं, आणि उचलताना त्या हमालांनी अंगचटीला यायचं, हे त्यांनी उघडपणे सांगितलं. मोठी चर्चा झाली. पुढं ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचं लग्न ठरलं. खारचं विवाह नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अधिकारी खाली यायला तयार नाहीत. नवरीला दोन मजले उचलून न्यावं लागलं. तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी माफी मागितली. राजधानीत, इतकी माहितीतली आणि इतकी लढाऊ बाई असूनही हे होतं. जतला, माणला, पाटणला कोण कुणाची माफी मागणार?

आपल्या घरांतली गोष्ट याहून साधी आहे आणि म्हणून ती जास्त बोचते. सहलीचा बेत ठरतो. महाबळेश्वर, नाहीतर जोतिबा, नाहीतर औदुंबर. जीप ठरते, डबे भरले जातात. मग घरातल्या त्या एका माणसाकडं सगळ्यांची नजर जाते आणि कोणीतरी प्रेमानंच म्हणतं, "तू थांब घरी. तुझी वढाताण नको. आन् घराला कुणीतरी पायजेच की." तो थांबतो. दरवेळी थांबतो. म्हशीला पाणी, दाराला माणूस, कुरिअरवाल्याला सही. गावोगाव अशी माणसं आहेत, ज्यांनी आयुष्यात दवाखाना, तहसील आणि दाखल्याची रांग यांपलीकडचा प्रवास केलेला नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग मोजले गेले. त्यांतल्या किती जणांनी समुद्र पाहिला, किती जणांनी कासची फुलं पाहिली, हे कुणी मोजलेलं नाही. सरकारच्या लेखी त्यांना औषध लागतं, पेन्शन लागते, तीनचाकी लागते. हौस लागते हे कुठल्याच फॉर्मवर नाही.

सवलती आहेत की, असं कोणी म्हणेल. आहेत. एसटीच्या साध्या गाडीत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्याला भाड्यात ७५ टक्के सूट आहे. ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्यालाही निम्मं तिकीट. सूट चांगलीच आहे, ती कमी करा असं कुणी म्हणू नये. पण गाडीचं दार अरुंद, पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच आणि आतल्या वाटेत खुर्ची वळत नाही. कॅलिपर लावलेला माणूस आधी कुबड्या आत टाकतो, मग दाराची दांडी धरून दोन्ही हातांवर अख्खं शरीर वर ओढतो. मागून गर्दी रेटत असते, कंडक्टर "चला आवरा" म्हणत असतो. खुर्चीवरच्या माणसाला तर तेही जमत नाही. पाऊण तिकीट माफ केलेल्या गाडीत त्याला चढताच येत नाही. तो शेवटी वडापच्या जीपचं पुढचं सीट पूर्ण पैसे मोजून घेतो आणि खुर्ची टपावर बांधतो.

कायद्यात कमी काहीच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २७ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेनं बदल झाला. १ मार्च २०२० पासून बसमध्ये राखीव आसन, त्याची खूण, कुबड्या-काठ्या अडकवायची जागा, धरायच्या दांड्या आणि व्हीलचेअर आत घेऊन जखडून ठेवायची सोय हवी, आणि गाडीची योग्यता तपासताना हे बघायचं, असं ठरलं. राखीव आसनाची पाटी दिसते. खुर्ची जखडायची जागा तुम्ही आपल्याकडच्या लाल गाडीत पाहिली असेल तर मला नक्की कळवा, मी त्या गाडीच्या आगारप्रमुखांचं याच सदरात जाहीर कौतुक करीन.

रेल्वेची तऱ्हा आणखी वेगळी. हाडा-सांध्यांच्या दिव्यांगत्वासाठी रेल्वेची सवलत मिळते ती सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्याला. दाखल्यावर डॉक्टरनं तसं लिहून द्यावं लागतं. म्हणजे सांगलीची एखादी मुलगी जिद्दीनं एकटीच पुण्याला परीक्षेला जाऊ लागली, तर तिच्या जिद्दीची किंमत पूर्ण तिकीट. एकटं फिरायची ताकद कमावलेल्या माणसाला आपण बक्षीस द्यायचं की दंड करायचा?

आणि तो दिव्यांगांचा डबा. रुंद दाराचा, कठडे लावलेल्या संडासाचा. डबा बरा असतो, पण तो बहुधा गाडीच्या टोकाला असतो. टोकाला फलाटावर छप्पर नसतं. अधल्यामधल्या स्टेशनांवर गाडी दोन-चार मिनिटं थांबणार, तेवढ्यात टोक गाठायचं, फलाट आणि दार यांमधली उंची ओलांडायची. साताऱ्याचं स्टेशन तर गावापासून लांब, माहुलीकडं. तिथवर जायलाच आधी रिक्षावाल्याची मनधरणी. १६ सप्टेंबर २०२४ पासून पुणे–कोल्हापूर आणि पुणे–हुबळी या वंदे भारत गाड्या सातारा, सांगली, मिरजेवरून धावू लागल्या. त्यांच्या टोकाच्या डब्यांत व्हीलचेअरला जागा आहे, मोठं स्वच्छतागृह आहे, आसनाचे क्रमांक ब्रेलमध्ये आहेत. हे मनापासून स्वागत करण्यासारखं आहे. मनात आणलं तर करता येतं याचा तो पुरावा आहे. मग कोयना एक्स्प्रेसनं जाणाऱ्यानं काय पाप केलं?

आता माझ्या सगळ्यात आवडत्या मुद्द्याकडं येतो. सातारा म्हटलं की लोक गड आणि घाट म्हणतात आणि हात वर करतात: डोंगराचा मुलूख, इथं खुर्ची कशी चालणार? पण साताऱ्याचं खरं वैभव गडांइतकंच पठारांत आहे, आणि पठार वरून सपाट असतं! कास सपाट. पाचगणीचं टेबललँड सपाट. पवनचक्क्यांचं चाळकेवाडी सपाट. सह्याद्रीनं हजारो फूट उंचीवर जांभ्याचं अंगण घालून दिलंय आणि तिथवर डांबरी रस्ते गेलेत. चढायचं काम मोटार करते. उरतात ती शेवटची पाच-पन्नास पावलं, आणि ती अडवतो आपण. चर, दगड, फाटकातली आडवी दांडी, प्रवेशाच्या अरुंद फटी.

कास २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा झालं. जगाचा वारसा, पण कोरेगावच्या खुर्चीवरच्या मुलाचा नाही? हंगामात गर्दीच्या दिवशी गाड्या वाहनतळावर थांबवतात आणि पुढं बस. हा नियम फुलांच्या भल्याचा आहे, तो हवाच. पण ती बस चढायची कशी? मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटर घेऊन कोणी आला तर ती 'वाहन' म्हणून अडवायची नसते, ते त्याचे पाय आहेत. सातारा–कास–बामणोली रस्ता फुलांच्या मधूनच जातो. त्या रस्त्याच्या कडेला, आधीच तुडवलेल्या जागेत, जमिनीपासून जरा उचललेली लाकडी वाट घातली तर एका फुलालाही धक्का लागणार नाही. उलट चालणारेही त्या वाटेवर राहतील आणि पठारावर भलतीकडं पाय पडणार नाहीत. वनस्पतिशास्त्रज्ञांना विचारून, त्यांच्या देखरेखीखाली करा. पण करा.

सज्जनगडाच्या पायऱ्यांचं काय, असं लगेच विचारलं जाईल. जुन्या गडाच्या दगडाला हात लावू नये हे मलाही पटतं. मी पायऱ्या फोडा म्हणत नाही. गड चढता येत नसेल तर पायथ्याच्या वाहनतळावर तरी माणसासारखं बसता यावं, संडासला जाता यावं, वरच्या समाधीचं दर्शन पडद्यावर घडावं. आणि जिथं पुरातत्त्वाचं कारण सांगितलं जातं तिथं जानेवारी २००१ आठवावा. स्टीफन हॉकिंग भारतात आले होते. दिल्लीत त्यांना वास्तू पाहायच्या होत्या आणि कुतुबमिनारसारख्या ठिकाणी लाकडी उतार टाकले गेले. आठशे वर्षांच्या दगडाला काही झालं नाही. पाहुणा मोठा होता म्हणून झालं. आपल्या गावच्या माणसासाठी तेवढी एक फळी टाकायला कोणता पुरस्कार लागतो?

पुरस्कारही आहेत म्हणा! मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचा भाग लुळा पडला. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, चित्रपट निघाला २०२४ मध्ये. त्याच वर्षी आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारींनी पॅरिसला गोळाफेकीत रौप्यपदक आणलं. मिरवणुका निघतात, फलक लागतात, पुढारी फोटोला उभे राहतात. ज्या सभागृहात सत्कार होतो त्याच्या व्यासपीठाला उतार असतो का, एवढंच पुढच्या वेळी जाऊन बघा. नसेल तर सत्कारमूर्तीलाही तिथं उचलूनच नेणार.

मिरजेचं तर मला कळतच नाही. १८९४ पासून, वॉन्लेस हॉस्पिटल उभं राहिलं तेव्हापासून, हे गाव आजाऱ्यांना जवळ करतंय. कर्नाटकातून, कोकणातून माणसं येतात. प्रत्येक दवाखान्यात स्ट्रेचर आहे, खुर्ची आहे, रुंद दार आहे. आणि दवाखान्यातून सुटी झालेला माणूस रात्रभरासाठी शेजारच्या लॉजवर गेला की दारात दोन पायऱ्या, अंघोळीच्या खोलीचं दार दोन फुटांचं. खुर्ची असते दोन फुटांहून जास्त रुंद. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली रुग्णसेवेला, आणि रुग्ण जिथं निजणार ते दार कुणी मोजलेलं नाही.

दाराच्या मापावरच सगळं अडतं, आणि तेच कुणी सांगत नाही. म्हणून खुर्चीवरचे लोक प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद करतात, कारण वाटेत जाण्याजोगा संडास सापडेल याची खात्री नाही. हे मी डॉक्टरांकडून आणि ज्यांच्यावर ही वेळ येते त्यांच्याकडूनही ऐकलंय. मूत्रमार्गाचे संसर्ग होतात, मूत्रपिंडाला धोका होतो. 'दिव्यांग स्वच्छतागृह' अशी निळी पाटी बऱ्याच ठिकाणी असते. आत झाडू, ब्लीचिंग पावडरची पोती आणि मोडकी खुर्ची. दाराला कुलूप, किल्ली साहेबांकडं, साहेब मीटिंगला.

उतारांचंही तसंच. नियम सांगतो की एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. तीन पायऱ्या म्हणजे साधारण दीड फूट उंची, म्हणजे अठरा फूट उतार. आपल्याकडं त्याच तीन पायऱ्यांवर चार फुटांचा सिमेंटचा घसरगुंडा ओततात. त्यावरून मोटारसायकल चढते. खुर्ची चढत नाही, आणि उतरताना माणूस तोंडावर येतो. काम पूर्ण झाल्याचा फोटो मात्र फायलीत लागतो.

बोलताना मी खुर्चीचंच बोलतोय, कारण पायरी डोळ्यांना दिसते. पण पांढरी काठी घेतलेला माणूस स्थानकात उभा असतो तेव्हा समोर लागलेली गाडी विट्याची की तासगावची हे त्याला दुसऱ्यानं सांगावं लागतं. ज्याला ऐकू येत नाही त्याला फलाट बदलल्याची घोषणा कळतच नाही, गाडी निघून गेल्यावर कळते. प्रत्येक गाडीला बोलणारी पाटी आणि प्रत्येक फलाटाला दिसणारी पाटी, दोन्ही हव्यात.

हे सगळं कायद्यानं कधीच व्हायला हवं होतं. दिव्यांगांच्या हक्कांचा पहिला कायदा १९९५ चा. दुसरा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. नियम त्याच वर्षी जूनमध्ये आले. सध्याच्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सगळ्यांना वापरता येतील अशा करायच्या होत्या. ती मुदत २०२२ च्या जूनमध्ये संपली. नव्या इमारतीला या सोयींशिवाय पूर्णत्वाचा दाखला द्यायचाच नाही, असं कलम ४४ सांगतं. मग गेल्या पाच-सात वर्षांत दोन्ही जिल्ह्यांत उभी राहिलेली मंगल कार्यालयं, संकुलं, हॉटेलं पायऱ्यांवर उभी कशी? दाखल्यावर सही कोणाची आहे? ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना स्पष्ट केलं की सुगम्यतेचे निकष नुसती शिफारस म्हणून चालणार नाहीत, किमान काही गोष्टी सक्तीच्या हव्यात. याचिका २००५ ची. एका दृष्टिहीन माणसाला एवढं ऐकायला एकोणीस वर्षं लागली.

सांगलीहून तासा-दीड तासावर कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. स्वतः खुर्चीवर असलेल्या बाईनं मुलांसाठी वसतिगृह बांधलं, शाळा काढली. तंत्र कुठून आणायचं, आराखडा कोण देणार, असं म्हणणाऱ्या मुख्याधिकाऱ्यांनी आणि ठेकेदारांनी एक दिवस तिथं जावं, टेप घेऊन. विचारायचं ते तिथल्या मुलांना विचारावं.

लॉजवाल्यांकडं, कृषी पर्यटन केंद्रांकडं माझं मागणं आजच्या आज पुरं होणारं आहे. तुमच्या पाटीवर आणि जाहिरातीत तीन आकडे लिहा: दारात पायऱ्या किती, खोलीचं दार किती इंच, न्हाणीघराचं दार किती इंच. सोय नसेल तर नाही असं लिहा. खोटं 'सगळी सोय आहे' ऐकून दीडशे किलोमीटर येऊन परत जाण्यापेक्षा खरं 'नाही' परवडतं. आणि एक खोली तरी तळमजल्यावर, रुंद दाराची करा. खुर्चीवरचा माणूस एकटा येत नाही, त्याच्यासोबत चौघं येतात. आज ते पाचही जण घरी बसलेत.

बाकी सरकारी जागांसाठी रस्ता मोकळा आहे. दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे आणि चौकशी करताना आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. कायदा मोडला तर पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. तक्रारीला वकील लागत नाही. ठिकाणाचं नाव, तारीख, पायऱ्या किती, स्वच्छतागृहाला कुलूप होतं का आणि किल्ली कोणाकडं होती, एवढं लिहा. मोबाईलवर फोटो काढा, त्यात टेप धरलेली दिसू द्या. कासचा हंगाम सुरू व्हायच्या आत असे अर्ज दोन्ही जिल्ह्यांतून जायला हवेत. माझा पहिला अर्ज या अंकाबरोबरच रवाना झाला आहे.